'गरीब' या शब्दाचा मूळ अर्थ आणि मराठीतील त्याचा प्रवास

विचारणा अशी आहे : 'गरीब' हा शब्द अरबी असून त्याचा मूळ अर्थ 'परका' असा आहे, हे खरे काय, खरे असल्यास परक्या माणसाचे नाव निर्धन माणसाला कसे चिकटले, आणि मराठीत 'दरिद्री' हा जुना शब्द असताना बाहेरून आलेला शब्द इतका कसा रुजला? मोडी कागदपत्रांचे वाचन आणि कोशासाठी शब्दांच्या नोंदी करणे या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि हा प्रश्न या ना त्या रूपात वारंवार समोर येतो, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो.

पहिल्या भागाचे उत्तर निःसंदिग्ध 'होय' असे आहे. अरबीत 'गरीब' म्हणजे आपल्या मुलखापासून दूर गेलेला, परदेशी, अनोळखी माणूस. आणि त्यावरून विलक्षण, दुर्मीळ, सहसा न आढळणारी गोष्ट. पैशाच्या अभावाचा अर्थ त्या शब्दाच्या गाभ्यात नाही. कुराणातील जे शब्द वापरात विरळ असल्यामुळे समजण्यास कठीण जातात, त्यांना अरबी कोशकारांनी 'गरीब' शब्द म्हटले आणि त्यांचे अर्थ सांगणारे स्वतंत्र ग्रंथ रचले. हदीसशास्त्रातही, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आचरणाच्या कथनांचा (हदीसचा) अभ्यास करणाऱ्या शास्त्रातही, ज्या कथनाच्या परंपरेत एखाद्या टप्प्यावर एकच निवेदक आढळतो, त्या हदीसला 'गरीब' अशी संज्ञा आहे. हिंदीतून आपल्या कानावर येणाऱ्या 'अजीबोगरीब' या जोडशब्दातील 'गरीब' हाच आहे. विचित्र गोष्टीत गरिबीचा काय संबंध, असा प्रश्न तो शब्द ऐकताना कोणाला पडला असेल, तर त्याचे उत्तर येथे मिळते.

अरबी शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या धातूवर उभे असतात. येथील धातूचा अर्थ निघून जाणे, दूर होणे, नजरेआड होणे असा आहे. सूर्य नजरेआड होतो म्हणून सूर्यास्ताला 'गुरूब', तो जिकडे जातो त्या पश्चिम दिशेला 'गर्ब', आणि सूर्यास्ताच्या वेळेला व त्या वेळच्या नमाजाला 'मगरिब' म्हणतात. उत्तर आफ्रिकेच्या पश्चिमेकडील प्रदेशाला 'मगरिब' हे नाव त्यावरूनच पडले, आणि पोर्तुगालच्या दक्षिण टोकाचा 'अल्गार्व' हा प्रांतही 'अल-गर्ब' म्हणजे 'पश्चिम' या अरबी नावाचीच आठवण ठेवून आहे. सूर्य दूर गेला की संध्याकाळ होते, आणि माणूस दूर गेला की तो 'गरीब' होतो. आपल्या माणसांपासून दुरावलेल्या त्या अवस्थेला अरबीत 'गुर्बत' असा शब्द आहे, आणि उर्दूत आज 'गुर्बत' म्हणजे परदेशवासही आणि दारिद्र्यही.

या शब्दाच्या आरंभी अरबीत जो घर्षक ध्वनी आहे, तो मराठीत नेहमीच साध्या 'ग'मध्ये उतरतो. 'गनीम', 'गैर', 'बाग', 'दाग' या शब्दांतही तेच झाले आहे. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की 'गरीब' शब्दाची संस्कृतातून ओढूनताणून लावलेली व्युत्पत्ती अधूनमधून पुढे केली जाते. व्युत्पत्ती ठरवताना ध्वनी जुळतात काय, अर्थाची साखळी सलग आहे काय आणि शब्द ज्या वाटेने आला ती वाट इतिहासात खरोखर होती काय, या तिन्ही गोष्टी पाहाव्या लागतात. संस्कृत व्युत्पत्ती यांपैकी एकाही कसोटीस उतरत नाही, तर अरबी व्युत्पत्ती तिन्हींना उतरते.

आता अर्थ बदलला कसा, हे पाहू. मध्ययुगातील शहरात परका माणूस येतो तेव्हा त्याच्यापाशी काय नसते, याचा विचार केला म्हणजे पुढचा भाग आपोआप उलगडतो. त्याला जामीन राहणारा कोणी नसतो. त्याच्या बाजूने साक्ष देणारा भाऊबंद नसतो, आजारपणात पाणी देणारे घर नसते, मेल्यावर खांदा द्यायला माणसे नसतात. ज्या समाजात संरक्षण, पत, कर्ज, विवाह आणि न्याय हे सगळे कुळाच्या आणि नात्याच्या आधाराने मिळत असे, तेथे नाती मागे टाकून आलेला माणूस, खिशात चार नाणी असली तरी, असहायच असे. जकात, म्हणजे इस्लाममधील बंधनकारक दान, कोणाकोणाला द्यावी याची जी यादी कुराणात आहे, तिच्यात 'फकीर' आणि 'मिस्कीन' या निर्धनांच्या जोडीला वाटसरूचाही उल्लेख येतो, तो याच कारणाने. प्रवाशांसाठीच्या सराया आणि सूफींच्या खानकाहांतील म्हणजे मठांतील अन्नछत्रे ही निर्धनांसाठी होती तितकीच परक्यांसाठीही होती, आणि व्यवहारात दोघेही एकाच पंगतीला बसत. दोन अर्थ शतकानुशतके शेजारी राहिले म्हणजे शब्द एकातून दुसऱ्यात सरकतो. 'गरीब'चे तसेच झाले, आणि हे सरकणे फारसीत सुरू होऊन हिंदुस्थानातील फारसीत व उर्दूत पक्के झाले.

येथे एक उपकारक परिस्थितीही होती, असे माझे मत आहे. अरबीत निर्धनाला 'फकीर' म्हणतात आणि आजही तोच शब्द चालतो. परंतु सूफी परंपरेत 'फक्र' म्हणजे स्वेच्छेने स्वीकारलेली निष्कांचन वृत्ती हे एक साधनेचे मूल्य ठरले, आणि हिंदुस्थानात 'फकीर' हा शब्द त्या वृत्तीच्या विरक्त माणसासाठी राखला गेला. शेतात राबणाऱ्या, कर्ज फेडू न शकणाऱ्या कुटुंबप्रमुखाला कोणी फकीर म्हणेना. ती मोकळी झालेली जागा 'गरीब' या शब्दाने भरून काढली.

दख्खनच्या इतिहासात मात्र या शब्दाचा मूळ अर्थ अगदी ठसठशीतपणे दिसतो, आणि मराठी वाचकाने तो भाग अवश्य जाणून घ्यावा. बहमनी राज्यात दरबारी सरदारांचे दोन गट होते. एक दख्खनी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या येथे स्थायिक झालेले. आणि दुसरा इराण, मध्य आशिया, अरबस्तान येथून नव्याने आलेल्यांचा. या दुसऱ्या गटाला 'आफाकी' किंवा 'गरीब' म्हणत. हे 'गरीब' सरदार जहागिरी भोगणारे, घोड्यांचा आणि रेशमाचा व्यापार करणारे, राज्यातील सर्वांत श्रीमंत लोकांपैकी होते. इराणातील गिलान प्रांतातून १४५३ मध्ये व्यापारी म्हणून आलेला आणि पुढे राज्याचा वजीर झालेला महमूद गवान हा त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. कोकणातील मोहिमा त्याने चालवल्या, १४७२ मध्ये गोवा घेतला, आणि बिदरला त्याच साली उभारलेला त्याचा मदरसा आजही भग्न अवस्थेत उभा आहे. १४८१ मध्ये दख्खनी गटाच्या कारस्थानातून त्याचा शिरच्छेद झाला. त्याच्या वेळच्या एखाद्या फारसी मजकुरात त्याला कोणी 'गरीब' म्हटलेले आढळले आणि वाचकाने आजचा अर्थ लावला, तर सगळा इतिहास उलटा होईल.

त्याआधीची चाकणची घटनाही याच तेढीतून घडली. दुसऱ्या अलाउद्दीन अहमदशहाच्या कारकिर्दीत मलिक-उत्-तुज्जार हा किताब धारण करणारा खलफ हसन, खेळण्याच्या म्हणजे आजच्या विशाळगडाच्या मोहिमेत शिर्क्यांच्या मुलखातील जंगलात सैन्यासह सापडला आणि मारला गेला. त्यातून वाचलेले परदेशी सैनिक चाकणच्या किल्ल्यात आले, तेव्हा दख्खनी सरदारांनी ते बंडखोर असल्याचे सुलतानाच्या मनात भरवून त्यांची कत्तल घडवून आणली. ही हकिकत ज्याने लिहून ठेवली तो फारसी इतिहासकार फिरिश्ता स्वतः इराणातील अस्तराबादचा, विजापूरच्या आश्रयाला राहिलेला. त्यामुळे त्याचे झुकते माप परदेशी गटाकडे आहे, हे ध्यानात ठेवूनच ती वाचावी लागते. आपल्या विषयापुरता मुद्दा इतकाच की ज्यांची कत्तल झाली, ते शस्त्रधारी आणि पगारी होते; तरी त्यांच्या पाठीशी उभे राहणारे या मातीत कोणी नव्हते. 'गरीब' शब्दातील परकेपण आणि असहायता यांचा सांधा येथे नेमका दिसतो.

याच भूमीत शब्दाचा आध्यात्मिक अंगाने झालेला वापरही सापडतो. निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन हे तुघलकांच्या काळात दिल्लीहून दौलताबादेस आले, १३३७ मध्ये वारले, आणि खुलदाबादला त्यांचा दर्गा आहे. ते 'बुऱ्हाणुद्दीन गरीब' म्हणून ओळखले जातात. खानदेशच्या फारुकी सुलतानाने वसवलेल्या बुऱ्हाणपूर शहराला त्यांचेच नाव आहे. या उपाधीतील 'गरीब' म्हणजे या जगात स्वतःला प्रवासी मानणारा. जगात परक्यासारखे किंवा वाटसरूसारखे राहा, असा उपदेश करणारी हदीस प्रसिद्ध आहे, आणि सूफींनी 'गरीब' हा शब्द त्या भावाने आदरपूर्वक मिरवला. अजमेरचे ख्वाजा मोइनुद्दीन चिश्ती यांच्या 'गरीबनवाज' या बिरुदाचाही आज सर्वत्र 'गरिबांवर कृपा करणारा' असा अर्थ घेतला जातो, आणि तो चूक नाही. पण त्याच्या तळाशी 'परक्याला, निराश्रिताला जवळ घेणारा' हा जुना अर्थ आहे. स्वतः ख्वाजा सीस्तानातून आलेले होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या बिरुदाला आणखी खोली येते. त्यातील 'नवाज' हे कुरवाळणे, मेहेरबानी करणे अशा अर्थाच्या फारसी क्रियापदाचे रूप असून पुरस्काराने 'नवाजणे' हे आपले क्रियापद त्याच कुळातले आहे.

मराठीत हा शब्द शिरला तो दरबार, लष्कर, बाजार आणि दर्गे या चारही वाटांनी, आणि तोवर त्याला निर्धनतेचा अर्थ आलेला होता. म्हणून मराठीत 'परका' हा अर्थ रुजला नाही. त्यासाठी आपल्याकडे 'उपरा', 'उपरी' हे शब्द होतेच. या 'उपरी' शब्दाकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. मराठी राज्यातील गावात जमीन कसणाऱ्यांचे दोन प्रकार असत : वंशपरंपरेने जमिनीचा हक्क असलेला मिरासदार, ज्याला थळकरीही म्हणत, आणि बाहेरून येऊन गतकुळीची (जिचे मूळ कुळ उरलेले नाही अशी) किंवा पडीक जमीन ठरावाने कसणारा उपरी. उपरी नेहमीच निर्धन असे असे नाही, किंबहुना पडीक जमीन लागवडीस यावी म्हणून त्याला साऱ्यात सूटही मिळे. परंतु गोतसभेत, म्हणजे गावाच्या न्यायसभेत, त्याच्या शब्दाला मिरासदाराच्या शब्दाचे वजन नव्हते, आणि दुष्काळ पडला की गाव सोडून जाणाऱ्यांत तो पहिला असे. अरबी शब्दाला जो अनुभव आधारभूत आहे, तोच अनुभव आपल्या गावगाड्यातही होता. फक्त त्याला नाव वेगळे होते.

मराठीने या शब्दाला स्वतःचे असे जे वळण दिले, ते स्वभावाच्या अर्थाचे. 'मुलगा फार गरीब आहे' असे आपण म्हणतो तेव्हा घरच्या परिस्थितीविषयी बोलत आहोत की स्वभावाविषयी, हे संदर्भावरूनच कळते. 'गरीब गाय' म्हणजे न मारणारी, दावणीला निमूट उभी राहणारी गाय. नम्र, मवाळ हा अर्थ हिंदुस्थानी फारसीतही होता, तथापि मराठीत तो जितका सहज झाला आहे, तितका इतर ठिकाणी मला आढळत नाही. यामागचे कारण मला असे दिसते की ज्याच्या पाठीशी कोणी नाही, त्याला भांडण परवडत नाही. लाचारीतून आलेले मवाळपण पुढे गुण म्हणून वाखाणले गेले. 'गरिबाच्या घरी पायधूळ झाडा' हे विनयाचे बोलणे मात्र फारसी-उर्दू शिष्टाचारातून आलेले आहे. तेथे स्वतःच्या घराला 'गरीबखाना' आणि समोरच्याच्या घराला 'दौलतखाना' म्हणण्याची रीत होती. अर्जात वरिष्ठाला 'गरीबपरवर', म्हणजे गरिबांचे पालन करणारा, असे संबोधण्याची पद्धतही तिकडचीच.

'गरीबगुरबा' या जोडशब्दाविषयी स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे, कारण त्याचा उत्तरार्ध निरर्थक यमक आहे असा समज सर्वत्र आहे. 'भाजीबिजी', 'पाणीबिणी' यांतील दुसरा शब्द निरर्थक आहे, हे खरे. पण 'गुरबा' तसा नाही. 'गरीब' या अरबी शब्दाचे अरबी अनेकवचन 'गुरबा' असे होते, आणि उर्दूत 'गरीब-गुरबा' ही जोडी एकवचन व अनेकवचन एकत्र ठेवून सर्व मिळून गरीब लोक या अर्थी रूढ आहे. मराठीने ती जशीच्या तशी घेतली आणि मग अनेकवचनालाच पुन्हा मराठी प्रत्यय लावून 'गरीबगुरबे', 'गरीबगुरब्यांना' अशी रूपे केली. 'अमीर-उमराव' ही जोडी अगदी याच घडणीची आहे : 'उमराव' हे 'अमीर'चे अनेकवचन. 'हालहवाल'मध्येही 'हाल' आणि त्याचे अनेकवचन 'अहवाल' आहे, आणि तोच 'अहवाल' आज समित्या सादर करतात. म्हणजे समाजाच्या दोन टोकांना असलेले अमीर-उमराव आणि गरीबगुरबे मराठीत एकाच साच्यातून आले. 'गोरगरीब' हा शब्द मात्र मराठीच्या तोंडवळ्याचा असून तो जवळजवळ नेहमी समूहासाठी येतो. एका माणसाला आपण 'गोरगरीब' म्हणत नाही.

आता 'दरिद्री' या शब्दाकडे वळू. येथे जे आढळते ते मला या सर्व विषयातील सर्वांत महत्त्वाचे वाटते. संस्कृत 'दरिद्र' हा 'द्रा' म्हणजे धावणे या धातूच्या द्विरुक्त रूपावरून आलेला आहे, आणि त्याचा आरंभीचा अर्थ इकडेतिकडे भटकणारा, वणवण करणारा असा आहे. संस्कृत धातूंची जुनी यादी असलेल्या धातुपाठात 'दरिद्रा' हा स्वतंत्र धातू मानून त्याचा अर्थ 'दुर्गती' असा दिला आहे. यजुर्वेदातील रुद्रस्तोत्राच्या 'नमक' या भागातील दहाव्या अनुवाकात (विभागात) 'दरिद्रन्नीललोहित' असे रुद्राला उद्देशून संबोधन येते. परंपरेत त्याचा अर्थ अपरिग्रही, जवळ काहीही न ठेवणारा असा लावतात, आणि भिक्षेसाठी फिरणाऱ्या देवतेला तो शोभतोही. म्हणजे अरबीतील 'गरीब' आणि संस्कृतातील 'दरिद्र' हे एकमेकांशी कसलाही संबंध नसलेले शब्द दोन वेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोहोचले : ठावठिकाणा नसलेला माणूस. जर्मन भाषेत दैन्याला 'एलेंड' म्हणतात, त्याचेही जुने रूप 'परका देश, परदेशवास' याच अर्थाचे होते. दोन भाषाकुळांतील तीन भाषांत एकच प्रवास दिसतो, तेव्हा त्याला योगायोग म्हणून बाजूला सारता येत नाही. दारिद्र्य म्हणजे केवळ उत्पन्नाचा आकडा, ही कल्पना अलीकडची आहे. जुन्या भाषांना निर्धन माणूस ओळखू येत होता तो त्याला घर, गाव आणि माणसे नाहीत या खुणेवरून.

मग 'दरिद्री' असताना 'गरीब' का रुजला? याचे उत्तर दोन्ही शब्दांच्या मराठीतील छटेत आहे. 'दरिद्री' हा मराठीत निंदेचा शब्द झाला. दारिद्र्य ही अवदसा, अलक्ष्मी, दिवाळीत केरसुणीने घराबाहेर काढायची गोष्ट. त्यामुळे ज्याला ती चिकटली तोच अशुभ आणि दोषी, असा भाव त्या शब्दाला आला. 'दरिद्री लक्षण', 'दरिद्री मेला' या बोलण्यात धनाचा प्रश्नही नसतो, कद्रूपणा आणि करंटेपणा यांची हेटाळणी असते. 'गरीब' शब्द दानाच्या, आश्रयाच्या आणि अर्जफाट्याच्या वातावरणातून आला होता, म्हणून त्याच्याबरोबर सहानुभूती आली. दोष न लावता एखाद्याची परिस्थिती सांगणारा शब्द बोलीला हवाच होता. जुना 'दुबळा' हा शब्द ते काम करीत असे, आणि कोकणीत 'दुबळो' म्हणजे निर्धन हा अर्थ आजही पूर्ण जिवंत आहे; मराठीत मात्र 'दुबळा' हळूहळू शरीराच्या आणि मनाच्या अशक्तपणाकडे सरकला. शासकीय परिभाषेत तो 'आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक' असा संस्कृत वेशात परत आला आहे. त्याच परिभाषेत 'दारिद्र्यरेषा' हा शब्द निंदेवाचून चालतो, कारण तेथे तो अवस्थेला लावलेला आहे, माणसाला नाही.

यावरून वापरासंबंधी माझे मत असे आहे की माणसाविषयी लिहिताना 'गरीब' हा शब्द संकोच न करता वापरावा. त्यात अपमान नाही. 'दरिद्री' हे विशेषण जिवंत माणसाला लावू नये, 'दारिद्र्य' हे नाम अवस्थेसाठी खुशाल वापरावे. बहमनी किंवा आदिलशाही काळाविषयीचा फारसीवरून केलेला अनुवाद वाचताना 'गरीब' शब्द आला, तर तो परदेशी गटाचा वाचक आहे काय, हे आधी तपासावे. लेखनाच्या दृष्टीने 'गरीब' हा शब्द अकारान्त असल्याने त्यातील उपान्त्य 'री' दीर्घ लिहितात, परंतु प्रत्यय लागताच तो ऱ्हस्व होतो : 'गरिबाला', 'गरिबांचा', आणि नाम 'गरिबी'. 'गरीबी' हे हिंदीतील लेखन आहे. १९७१ च्या निवडणुकीतील इंदिरा गांधींच्या 'गरीबी हटाओ' या घोषणेमुळे ते मराठी मजकुरातही पुष्कळदा उतरते, पण मराठीत 'गरिबी हटाव' असेच लिहावयास हवे.